एक दहाचा फोन

सोफ्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून कारागीर चाचपडत होता. जुना काथ्या निघाला, पेनांची दोन टोपणं निघाली, कधीकाळचं एक बिस्कीट निघालं. मग बोटांना काहीतरी गुळगुळीत आणि दातेरी लागलं. त्याने ते ओढून उजेडात धरलं. कवळी होती. वरची, अख्खी, एकही दात न हललेली.

सोफा ज्यांचा होता त्या सूनबाईंनी सकाळी टेम्पोतून तो उतरवता उतरवता घरची सगळी कर्मकहाणी ऐकवली होती. सासूबाईंची कवळी दीड वर्षापूर्वी हरवली. ती सुनेनेच फेकली, आपलं बोलणं कोणाला नीट कळू नये म्हणून मुद्दाम फेकली, असं सासूबाईंचं ठाम मत. त्यावरून घरात दीड वर्ष धुसफूस चालू होती. आणि दीड वर्ष सासूबाई रोज संध्याकाळी त्याच कवळीवर बसून टीव्ही बघत होत्या. कारागिराच्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं आणि तो हसायला लागला. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग स्टेपल गन बाजूला ठेवून खालीच बसला. दुकानाचे मालक जेवायला घरी गेले होते म्हणून बरं. चाळिशीतला माणूस हातात कवळी धरून एकटाच हसताना दिसला तर बघणाऱ्याने काय समजायचं?

हसू ओसरल्यावर त्याने शर्टाच्या खिशातली छोटी वही काढून मंगळवारच्या खाली लिहिलं: कवळी सापडली. मग पुढची ओळ वाचून त्याचं तोंड उतरलं. तिथे आधीच लिहिलेलं होतं, "कोणाला सांगितलं?"

ते अक्षर वहीवाल्या बाईंचं. बाई दवाखान्यात समुपदेशक होत्या. सहा वर्षांपूर्वी कारागिराच्या रक्तात एचआयव्ही निघाला. रोज ठरल्या वेळी गोळी घ्यायची, बाकी आयुष्य जसं असतं तसं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं, आणि दोन वर्षं त्याने ते पाळलंही. पुढे भीती एकटेपणात मुरली आणि कोणीतरी हातावर पुडी ठेवली. पांढऱ्या पुडीची करामत अशी की झोप जाते, भूक जाते, भीती जाते आणि दोन दिवस माणूस राजा असतो. तिसऱ्या दिवशी तोच राजा तोंडावर चादर ओढून भिंतीकडे वळून पडतो. गोळी वेळेवर घ्यायची असते, आणि राजाला कसली आली वेळ! चार वर्षं अशी गेली. रक्तातल्या विषाणूंचे आकडे वाढत गेले, डॉक्टरांच्या कपाळावरच्या आठ्याही.

शेवटी त्याला वहीवाल्या बाईंकडे पाठवलं. पुडी सोडून आणि गोळी पुन्हा वेळेवर सुरू करून त्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता आणि जगात काही म्हणजे काही गोड लागत नव्हतं. आता पुडी किती वाईट यावर प्रवचन होणार, अशी तयारी करून तो बसला होता. बाईंनी पुडीचं नावही काढलं नाही. काल दिवसभरात काय बरं वाटलं, एवढंच विचारलं. तो म्हणाला, काही नाही. बाई म्हणाल्या, चहा तरी बरा झाला असेल. तो म्हणाला, चहा बरा होता. बाईंनी ते इतक्या गंभीरपणे लिहून घेतलं की त्याला हसावं की रागवावं कळेना.

"बाई, मला सुखाचं काय शिकवता? सुखापायीच तर इथवर आलोय."

"ते सुख नव्हतं, ती घाई होती," बाई म्हणाल्या. "सुख सावकाश खायचं असतं. रोज एक बरी गोष्ट हेरायची, वहीत टिपायची, आणि त्याच दिवशी एका माणसाला सांगायची. सांगितल्याशिवाय ती मुरत नाही."

हेरणं जमलं. टिपणंही जमलं. पण सांगायचं कोणाला? फोनमध्ये नावं होती ती फोमवाल्याची, रेक्झिनवाल्याची आणि टेम्पोवाल्याची. पुडीच्या सोबत्यांचे नंबर त्याने स्वतःच पुसले होते. राहता राहिली ताई.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, शाळेत गणित शिकवणारी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, आणि अजूनही ती त्याला छोट्याच म्हणायची. आजाराची लाज तिला कधी वाटली नाही. बातमी कळली त्या दिवशी तिने त्याला आपल्या ताटातला घास भरवला होता. तिला भीती वाटायची ती पुडीची. पुडी घेतली की छोट्याला आनंदाचं भरतं यायचं आणि त्या भरात तो ताईलाच फोन करायचा. ताई, मी स्वतःचं दुकान काढतोय. ताई, मी गाडी शिकतोय. तो असा खूश होऊन बोलला की दोन दिवसांनी त्याला कुठूनतरी उचलून आणावं लागणार, हे तिला पाठ झालं होतं.

आठ महिन्यांपूर्वी तर त्याने कहर केला. भाचीची परीक्षा तोंडावर आलेली असताना तो ताईच्या घरी आला, डोळे लखलखत होते, आणि तुमचा सोफा उद्या सकाळपर्यंत नवाकोरा करून देतो म्हणाला. नको नको म्हणेपर्यंत त्याने कापड फाडलं, स्प्रिंगा उपसल्या, खिळे घरभर सांडले. पहाटे तो पसार झाला तेव्हा बैठकीत नुसता सांगाडा उरला होता. भावोजींच्या तळपायात खिळा घुसला. ताईने दुसऱ्या दिवशी फोनवर एकच वाक्य ऐकवलं: माझ्या घराची पायरी पुन्हा चढू नकोस. आणि ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तिच्या घरात पुन्हा जाऊन बसता यावं, भाचीने मामा म्हणून हाक मारावी, याखेरीज त्याला आता दुसरं काही नको होतं. हे त्याने वहीवाल्या बाईंनाही सांगितलं नव्हतं.

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. ताईचा मोकळा तास. त्याने कवळी बाकावर ठेवली आणि नंबर लावला.

तिने उचलला. तो सांगायला लागला आणि सासूबाई टीव्ही बघतात तिथपर्यंत येताच त्याला पुन्हा हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. 

"छोट्या, काय घेतलंस?"

"काही नाही. चहा."

"एकोणतीसचा पाढा म्हण."

त्याला वाटलं थट्टा आहे. ताई थट्टा करत नव्हती. पुडी घेतली की हा पाढे घाईघाईने म्हणतो आणि मधलेच आकडे गिळतो, हे तिने कधीच हेरून ठेवलं होतं. तिच्याजवळ दुसरं यंत्र नव्हतं. म्हणून तो दुकानात एकटा उभा राहून, समोर कवळी ठेवून, शाळकरी पोरासारखा पाढा म्हणू लागला. एकोणतीस साती दोनशे तीन, एकोणतीस आठी दोनशे बत्तीस. दाहेपर्यंत आला तेव्हा ताई एवढंच म्हणाली, बरं, आणि फोन ठेवून दिला.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, हे त्यालाही कळत होतं. तरी लागायचं ते लागलंच.

दुसऱ्या दिवशी त्याने शहाणपणा केला. आनंद दिसला की ताई घाबरते ना, मग आनंद दाखवायचाच नाही. एक दहाला फोन लावून, पाढा म्हणून, कोणीतरी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात तो म्हणाला, ताई, आज एका बाईंना त्यांच्या खुर्चीचं कापड फार आवडलं. ताईने काळजीने विचारलं, ताप आहे का? तिसऱ्या दिवशी तोच सूर लावून त्याने सांगितलं की दुकानातल्या फोमच्या तुकड्यांत मांजरीला चार पिल्लं झाली. ताई म्हणाली, मग रडतोस कशाला?

हे सगळं ऐकून वहीवाल्या बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाल्या, आवाज जसा येईल तसा येऊ द्या, ताईंना सवय व्हायला वेळ लागेल. तुम्ही फक्त फोन चुकवू नका.

त्याने फोन चुकवला नाही. रोज एक दहाला पाढा, मग गोष्ट. ताई आधी नुसती हं म्हणायची. पुढे पुढे हं लांबायला लागलं. एके दिवशी त्याने सांगितलं की सासूबाईंनी कवळी उकळून पुन्हा तोंडात बसवली आणि पहिलं वाक्य सुनेला उद्देशून बोलल्या, ते मात्र माफीचं नव्हतं. तेव्हा ताई फसकन हसली आणि लगेच खोकली. आणखी काही दिवसांनी ताईच्या मागून कोणा बाईचा आवाज आला, पिल्लांनी डोळे उघडले का विचारा हो त्याला. तेव्हा त्याला कळलं की शिक्षकांच्या खोलीत फोन लाउडस्पीकरवर असतो.

सगळंच असं सुतासारखं सरळ गेलं असं नाही. सातव्या आठवड्यात जुना एक सोबती रस्त्यात भेटला, आणि व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी एक वाजता कारागीर फोनकडे बघत बसला. जीभ कोरडी, हातांना थारा नाही. न लावता चाललं असतं. काम होतं म्हणून सांगता आलं असतं. एक दहाला त्याने फोन लावला.

"ताई, आज पाढा घेऊ नकोस. येणार नाही. काल मी घेतली."

 पलीकडचे शिक्षकांच्या खोलीतले आवाज थांबले. तिने लाउडस्पीकर बंद केला असावा.

"पाणी पी," ती म्हणाली. "गोळी घेतलीस का?"

"घेतली."

"आज बरं काय झालं?"

त्याने विचार केला. आज बरं काहीच झालं नव्हतं. मग म्हणाला, तू फोन उचललास. ताई म्हणाली, उद्या एक दहाला लाव, आणि तिने फोन ठेवला. त्या दिवशी कारागीर रडला, पण ते रडणं भिंतीकडे तोंड करून पडण्यातलं नव्हतं. तो रडता रडता एका खुर्चीला पट्ट्या ताणत होता, आणि पट्ट्या चांगल्या घट्ट बसल्या.

त्यानंतर घाईचे दिवस आले नाहीत. आले ते साधे दिवस, एकामागून एक. त्यांची वहीत नोंद होत गेली. शिवण रेघेसारखी सरळ आली. दुपारी झोप लागली आणि मालकांनी उठवलं नाही. पिल्लू स्प्रिंगवर चढलं आणि उडून मालकांच्या मांडीवर पडलं. वहीवाल्या बाईंनी जुनी वही संपल्यावर नवी दिली. कारागिराच्या ध्यानात आलं की चहा आता खरोखरच गोड लागतो.

तिसऱ्या महिन्यात, एका शुक्रवारी सकाळी, तो रक्ताचा रिपोर्ट आणायला दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. मग त्याच्याकडे वळवला आणि बोटाने ओळ दाखवली. विषाणू सापडले नाहीत.

डॉक्टर बोलत राहिले. याचा अर्थ आजार गेला असा नाही, आहे, गोळ्या जन्मभर घ्यायच्या. पण विषाणू इतके कमी झाले आहेत की तपासणीत दिसत नाहीत, आणि गोळ्या अशाच चालू ठेवल्या तर तब्येतीची गाडी रुळावर राहील. कारागिराने मान हलवली. बाहेर आल्यावर त्याने रखवालदाराशी हात मिळवला. रखवालदाराला कारण कळलं नाही, पण त्याने हात चांगला दाबला.

दुकानात आला तेव्हा एक वाजायला पाच मिनिटं कमी होती, मालक जेवायला निघाले होते. त्याने कागद बाकावर पसरला, वर कात्री ठेवली, कात्री उचलली, पुन्हा वाचला. एक दहाला हे ताईला सांगायचं. तालीम म्हणून त्याने पाढा म्हणायला घेतला, आणि सातीला अडकला. पुन्हा घेतला. एकोणतीस सक, तिथेच घोटाळा. तिसऱ्यांदा तर तो तेविसाच्या पाढ्यात शिरला. भिंतीवरच्या आरशात त्याने बघितलं. गाल लाल, डोळे लखलखलेले, हात थरथरतायत. स्वतःशीच दोन वाक्यं बोलून बघितली. शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते.  सोफा उसवला त्या रात्री ताईने जो माणूस बघितला होता, तो हुबेहूब हाच.

एक दहा झाले. त्याने फोन लावला नाही.

जरा शांत झालो की लावतो, असं त्याने ठरवलं. पाणी प्यायला. दुकानात फेऱ्या मारल्या. शांत होण्याचं लक्षण नव्हतं. उलट दर फेरीला कागद दिसायचा आणि आनंदाला नवी भरती यायची. एक वीसला ताईचाच फोन वाजला. त्याने हातात घेतला आणि वाजू दिला. काय सांगणार होता? की आज मी इतका खूश आहे की तुझ्याशी बोलायची भीती वाटते? फोन तीनदा वाजला आणि गप्प झाला. तेव्हा आपण काय करून बसलो हे त्याला उमगलं, पण आता उशीर झाला होता.

दोनला दहा कमी असताना ताई दुकानात आली. तिच्या बोटांवर खडूची भुकटी होती, खांद्याला पर्स नव्हती. चालत आली होती की धावत, कोण जाणे. दारातल्या खुर्चीच्या सांगाड्याला धरून तिने आधी श्वास घेतला. आठ महिने आणि वर तीन महिने ते एकमेकांना दिसले नव्हते. त्याला ती थोडी म्हातारी वाटली.

"फोन का उचलला नाहीस?"

"ताई, बस ना, पाणी आणतो, नाही आधी हे बघ, नाही आधी बस, मी लावणारच होतो पण आवाज, म्हणजे माझा आवाज असा, तुला वाटलं असतं की, पण तसं नाहीये, खरंच तसं नाहीये."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. गालांकडे, डोळ्यांकडे, थरथरणाऱ्या हातांकडे. त्याने तिची नजर फिरताना पाहिली आणि आपण होऊनच सरळ उभा राहिला. पाढा सुरू केला. सावकाश म्हणायचं ठरवूनही जीभ ऐकेना. "एकोणतीस साती दोनशे तेरा," तो म्हणाला आणि थांबला. चुकलं होतं. ज्या बाईने तीस वर्षांत कोणाचं एक गणित चुकीचं सोडलं नाही तिच्यासमोर चुकलं होतं.

"मी घेतली नाहीये, ताई."

"माहीत आहे."

"पाढा चुकला पण."

"ऐकलं मी." ती खुर्चीच्या सांगाड्यावरून हात काढून पुढे आली. "घेतलीस तेव्हा तूच सांगितलं होतंस ना मला? मग आज काय झालंय तेही तूच सांगशील. सांग."

 त्याने कागद दिला.

ताईने तो वाचला. तिने आकडा शोधला, आकडाच नव्हता. मग कागद उलटून मागची कोरी बाजू बघितली, तिथे कुठे काही लपवलंय का म्हणून. तो धडाधडा डॉक्टरांचे शब्द सांगत गेला. आजार गेलेला नाही, गोळ्या आहेतच, जन्मभर आहेत, पण दिसत नाही, एवढा कमी. ताई ऐकत ऐकत नव्याने भरलेल्या एका सोफ्यावर टेकली. तिचा जीव भांड्यात पडला होता आणि भांडं थरथरत होतं. तिने त्याला हाताला धरून शेजारी बसवलं, त्याचं डोकं खडूच्या हाताने खसाखसा पुसल्यासारखं कुरवाळलं आणि केस पांढरे करून ठेवले. मग ती हसायला लागली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"फोन दे तुझा," ती म्हणाली. "माझा शाळेतच राहिला."

तिने भावोजींना फोन लावला. भावोजींचा आवाज दुकानभर ऐकू आला. मोठ्याने बोललं नाही तर ते पलीकडे पोहोचत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. छोट्याचा नंबर बघून त्यांनी हॅलो जरा जपूनच म्हटलं.

"अहो मी बोलतेय, छोट्याच्या दुकानातून, ऐका, संध्याकाळी तो जेवायला येतोय आपल्याकडे, पोरीला सांगा मामा येतोय, आणि रक्तात काही सापडलं नाही, म्हणजे आहे पण सापडत नाही, मी वर्ग तसाच टाकून आले, नाही, मुलं बसलीत, छोट्या चांगला आहे, पाढा चुकला पण चांगला आहे."

पलीकडे भावोजींनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"अगं, किती घाईने बोलतेयस," भावोजी हळूच म्हणाले. इतक्या हळू बोलताना कारागिराने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तू ठीक आहेस ना? काय झालंय तुला?"

ताईने भावाकडे बघितलं. भावाने तिच्याकडे.

"काही झालं नाही हो," ती म्हणाली. "खूश आहे मी."

"बरं," भावोजी म्हणाले. "मग पहिल्यापासून सांग. मी ऐकतोय."

ताईने पाय वर घेतले, सोफ्यावर नीट मांडी घातली आणि सावकाश सांगायला सुरुवात केली.